खिडकीजवळचं स्थळ

माझी फजिती सहसा होत नाही. झाली तरी मी ती कुणाला सांगत नाही. पण आपण आता बसलोच आहोत, चहा आलाच आहे, आणि माझी नात हीच गोष्ट तिखटमीठ लावून सगळ्या चिंचवडगावात सांगत सुटली आहे. तेव्हा म्हटलं, खरं काय झालं ते मीच एकदा सांगून टाकावं. मध्ये बोलू नका.

मी सातवी शिकलो. माण तालुक्यातून इकडे आलो आणि कारखान्यात लागलो. आधी प्रेस शॉपला, मग तपासणीला. तपासणीचं काम म्हणजे काय? मशीनवरून निघालेला तुकडा उचलायचा, मापात बसवून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. लाल डब्यात टाकलेला तुकडा मी कधी परत बाहेर काढला नाही. साहेब आला तरी नाही.

पुढे निवृत्त झालो. तुकडे संपले. आणि घरात नातीला स्थळं यायला लागली.

आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर तपासणी केलेला माणूस गप्प बसेल का?

पहिला मुलगा आला. मी विचारलं, "सकाळी कितीला उठतोस?" तो म्हणाला, "ते शिफ्टवर आहे." लाल डबा. दुसरा बोलताना मोबाईल सारखा उलटासुलटा करत होता. लाल डबा. तिसऱ्याच्या बापाने मलाच विचारलं, "आजोबा, तुम्ही पोलिसात होता का?" तोही लाल डब्यात, बापासकट.

माझी नात ऋतुजा. चाकणला कंपनीत इंजिनियर आहे. बुलेटवर जाते, बुलेटवर येते. ती येतेय हे आमच्या गल्लीला चौकातूनच कळतं. चौथं स्थळ आलं तेव्हा ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, हा मुलगा मला आवडलाय. आम्ही फोनवर बोलतोय. याला पास-नापास करू नका. हे मोडलं तर मी पुन्हा कुणाला बघणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"बरं," मी म्हणालो.

"आणि घरी ट्रे घेऊन पोहे द्यायला मी येणार नाही. बघायचा कार्यक्रम हॉटेलात होईल."

हे मात्र मला मान्य नव्हतं. मुलगी काय हॉटेलात दाखवायची असते? मिसळीची ऑर्डर, बाजूला मुलगी? मी मुलाला बोलावलं. माझा मुलगा दिलीप. तो म्हणाला, "आबा, आता सगळे असंच करतात."

मी म्हणालो, "मग सगळ्यांनाच घेऊन जा. मी येत नाही."

आणि बोलणं बंद केलं. बंद म्हणजे बंद. स्थळ कुठलं, माणसं कोण, नाव काय, काही विचारलं नाही. घरात त्यांचं बोलणं सुरू झालं की मी रेडिओ मोठा करायचो. एवढंच कानावर आलं की मुलगा चाकणला कंपनीत आहे, कार्यक्रम रविवारी सकाळी आहे, आणि तो गावठाणातल्या मिसळीच्या हॉटेलात आहे. पुरे की. अजून काय लागतं?

आता इथे माझी चूक सुरू होते.

रविवार उजाडला. घरात इस्त्री फिरत होती, सुनेची साडी ठरत नव्हती. आणि माझ्या डोक्यात एकच विचार. दिलीप भोळा. सून त्याहून भोळी. पोरगी तर आधीच पाघळलेली. मग मुलाला प्रश्न कोण विचारणार? मी ठरवलं, ही सगळी पोचायच्या आत जायचं, मुलगा बघायचा, चार प्रश्न विचारायचे आणि उठून यायचं. कुणाला कळायलाही नको.

"देवळात जाऊन येतो," म्हणालो आणि टोपी घालून निघालो.

रविवारी सकाळी आमचं गावठाण तुम्ही बघितलं नसेल तर एकदा या. पण गाडी घेऊन येऊ नका. देवळाच्या वाटेवर हार-दुर्वावाल्या बसलेल्या. त्यांच्यापुढे मावळातून आलेली अळूची पानं आणि कोथिंबिरीचे ढीग. मधल्या बोळात दोन मोटारी समोरासमोर अडकलेल्या. दोघेही मागे घेईनात, आणि दोघांनाही रस्ता सांगणारे वीसजण. तांब्या-पितळेच्या दुकानापुढे इडलीची गाडी. घाटावरून अंघोळ करून आलेले लोक ओल्या केसांनी चहाला उभे. आणि या सगळ्यावर मिसळीच्या तर्रीचा वास. वास कुठून येतो हे विचारावं लागत नाही. लोक जिथे हॉटेलाबाहेर फुटपाथवर ताटकळत उभे असतात, तिथून येतो.

मी काही ताटकळत उभा राहिलो नाही. सरळ आत गेलो. गल्ल्यावरच्या मालकाने माझ्याकडे बघितलं. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी.

"या आबा. मुलगी बघायचा कार्यक्रम ना?"

"हो."

"ते काय, खिडकीजवळ. मुलाकडचे येऊन बसलेत बघा."

झालं! रविवारी सकाळी त्या हॉटेलात असे कितीतरी कार्यक्रम असतात, वर माडीवर एसीचा वेगळा हॉल आहे, त्याला बाहेरून वेगळा जिना आहे, हे त्याने सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. मी प्रश्न विचारतो ते तपासणीचे. रस्ता विचारायचे नाहीत.

खिडकीजवळ एक जोडपं बसलं होतं, आणि मध्ये नव्या शर्टात एक मुलगा. शर्टाच्या घड्या तशाच. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मुलगा चाकणला ना?"

"व्हय, चाकनलाच हाय, कंपनीत," बाप उठत म्हणाला.

आता आमच्या या भागात चाकणला कंपनीत नाही असा एक तरी मुलगा मला दाखवा. पण हा विचार तेव्हा नाही आला. आत्ता येतो.

"मी मुलीचा आजोबा. बाकीची मागून येतायत."

तिघेही उभे राहिले. मुलगा वाकून पाया पडला. आईने पदर सावरला. मला भिंतीकडे आतल्या बाजूला, खिडकीपाशी मानाने बसवलं. ही माणसं निघोज्याची. जुनं शेतकरी घर. मला पहिल्या फटक्यात आवडली. माणूस मी एका नजरेत ओळखतो, असं मी त्यांना सांगितलंही.

मिसळ आली. मी सुरुवात केली.

"नाव?"

"अक्षय."

"उठतोस कितीला?"

"पाचला. फर्स्ट शिफ्ट असली की चारला."

"सुट्टीच्या दिवशी?"

त्याने आधी आईकडे बघितलं. "सुट्टीला नऊ वाजतात, आबा."

खरं बोलला. मला बरं वाटलं. मी म्हणालो, "उभा राहा. गल्ल्यापर्यंत चालत जा आणि परत ये."

तो बघतच राहिला. मी म्हणालो, "आमच्या वेळी मुलींना चालायला लावायचे. आता मुलाने चालावं."

बाप म्हणाला, "चाल की रं! आबा म्हंत्यात तर चाल."

आणि पोरगा चालला हो! रविवारची गर्दी, तिकडून वेटर चार प्लेटा घेऊन येतोय, टेबलांच्या मधून हा छाती काढून गल्ल्यापर्यंत गेला, मालकाकडे बघून उगाच हसला आणि परत आला. आजूबाजूचे पाव हातात धरून बघत होते.

"पुन्हा एकदा," मी म्हणालो. डावा खांदा जरा खाली वाटला होता. दुसऱ्या वेळी सरळ होता.

आई दबकत म्हणाली, "आबा, मुलीबद्दल बी जरा सांगा की."

मी खोटं बोलत नाही. माल जसा आहे तसा सांगायचा. मी म्हणालो, "मुलगी हुशार आहे. पण भाकरी येत नाही. सकाळी लवकर हाक मारली की अंगावर येते. बुलेट चालवते."

"बुलेट?"

"मोटारसायकल. मोठी. आवाज करते ती."

"अगं बाई!"

"तिच्या बापाला काही कळत नाही, त्याच्याशी व्यवहाराचं बोलू नका. आई चांगली आहे, पण मालिका बघताना रडते. घरात विचारायचं ते मला."

"व्हय, व्हय," बाप मान हलवत होता. आई मात्र पावाचा घास तसाच हातात धरून बसली होती. मुलाच्या चेहऱ्यावर, मी खोटं सांगत नाही, भीती आणि आनंद दोन्ही होते. त्याला बहुतेक बुलेट आवडली.

मी मनात म्हटलं, पास. लाल डबा नाही. पोरीने चांगला शोधलाय.

तेवढ्यात मुलाचा बाप दाराकडे बघून उठला. "आली, आली! या, या! रामराम!"

मी वळून बघितलं. एक गृहस्थ, एक बाई आणि एक मुलगी.

ती मुलगी ऋतुजा नव्हती. तो गृहस्थ दिलीप नव्हता. ती बाई माझी सून नव्हती.

मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तर्री चुकीच्या नळीत गेली. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. आलेल्या गृहस्थाने घाईने माझ्या पाठीवर हात फिरवला. "सावकाश, आजोबा, सावकाश. पाणी घ्या." आणि तो माझ्या शेजारी बसला. त्याच्यापलीकडे त्याची बायको. समोर मुलगा, आईबाप आणि कडेला ती मुलगी. मी खिडकीत. बाहेर पडायचं तर दोन माणसं उठवायला हवीत. आणि उठवायची काय सांगून?

तेव्हा सांगायला हवं होतं, मला कळतं. "माफ करा, चुकीच्या टेबलावर बसलो," एवढंच. किती सोपं! पण ज्या माणसाने नुकतंच एका मुलाला भर हॉटेलात दोनदा चालवलंय, तो हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि गंमत बघा. मुलाकडच्यांना वाटत होतं मी मुलीकडचा. मुलीकडच्यांना वाटत होतं मी मुलाकडचा. म्हाताऱ्या माणसाला 'तुम्ही कोण?' असं आपल्यात कुणी विचारत नाही. पाणी पुढे करतात. मी ठरवलं, गप्प बसायचं, मिसळ संपवायची, हात धुवायला म्हणून उठायचं आणि घर गाठायचं.

जमलंही असतं. पण मुलाच्या आईच्या पोटात काही राहीना. तिने मुलीकडे बघितलं. साधी, शांत मुलगी. ओढणी नीट घेतलेली.

"काय गं बाई, बुलेट चालवतीस म्हनं?"

मुलीने बापाकडे बघितलं. "बुलेट? मला सायकलही येत नाही."

"अन् भाकरी येत न्हाई?"

मुलीची आई एकदम ताठ झाली. "कोण म्हणतं? रोज दोन्ही वेळच्या भाकऱ्या हीच करते!"

"न्हाई, म्हंजी... सकाळी हाक मारली की अंगावर येती असंबी कळलं."

"आमची पूजा? अंगावर?"

मी मिसळीत बघत होतो. त्या मिसळीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलीच्या बापाने चष्मा काढून पुसला. सज्जन माणूस, आवाज चढवला नाही. "एक विचारू का? हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी म्हंजी? तुमच्याच आबांनी!"

"आमचे आबा वारले," तो म्हणाला. "ही शाळेत होती तेव्हा."

मग मुलाच्या आईने नवऱ्याला हळूच विचारलं, पण ते गल्ल्यापर्यंत ऐकू गेलं, "आवं, मग ह्ये कोन?"

"मला वाटलं तुमच्याकडचे!" मुलीचा बाप म्हणाला.

"आमाला वाटलं तुमच्याकडचं!"

"त्यांनी मला चालायला लावलं!" अक्षय म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खिडकीतून बाहेर बघितलं, जसं काही तिकडे अजून कुणी आबा असतील.

आणि मग ती शांत मुलगी, पूजा, फिसकन हसली. आधी ओढणीत, मग मोठ्याने. अक्षयला म्हणाली, "आणि तुम्ही चाललात?"

"दोनदा," तो म्हणाला. आणि तोही हसायला लागला. मग त्याचा बाप. मग सगळेच. शेजारच्या टेबलावरचे तर कधीचे हसत होते.

मी उठलो. मला माफी मागता येत नाही, सवय नाही. मी मुलीच्या बापाला म्हणालो, "मुलगा चांगला आहे. मी तपासलाय. आता मला बाहेर सोडा."

तो उठला, त्याची बायको उठली, मी बाहेर आलो. बेसिन आतल्या जिन्याखाली आहे. तिथे हात धुवायला वाकलो तर वरून आवाज आला.

"आबा!"

जिन्यावर ऋतुजा. नवी साडी, केस बांधलेले. "मला वरती तुमचा आवाज आला. मी म्हटलं भास झाला. 'मी तपासलाय' एवढं स्पष्ट ऐकू आलं! काय करताय तुम्ही इथे?"

प्रेस शॉपच्या धडधडाटात बोलायची सवय लागलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो. त्याला इलाज नाही.

"मिसळ खाल्ली," मी म्हणालो. "तुम्ही वर आहात?"

"वर आहोत. सगळं छान चाललंय. आबा, पाया पडते, वर येऊ नका. सांगवीची माणसं आहेत, फार चांगली. पण त्यांनी कुठूनतरी ऐकलंय की मुलीचे आजोबा भयंकर आहेत, आधीची तीन स्थळं त्यांनीच घालवली. ते घाबरत घाबरत आले होते. तुम्ही आला नाहीत हे कळल्यावर मुलाचे बाबा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले."

तिचा चेहरा पडला होता. मी तिला बुलेटवरून पडलेली बघितली आहे, तेव्हाही असा नव्हता.

मी काही बोलणार तेवढ्यात जिन्यावरून एक गृहस्थ उतरले. बेसिनपाशी आले. आमच्या दोघांकडे बघितलं.

"ऋतुजा, हे कोण? ओळखीचे?"

पोरीने तोंड उघडलं. ती खोटं बोलत नाही, माझीच नात. तिच्या तोंडून 'हे माझे' एवढं निघालं आणि मी मध्ये पडलो.

"मी यांचा कोणी नाही," मी म्हणालो. "मी खालच्या टेबलावरचा."

खिडकीजवळून निघोजेवाल्यांनी त्याच वेळी हात केला. "आबा, चहा घेऊन जावा!"

"आलो," मी म्हणालो. आता याहून मोठा पुरावा कोणता?

गृहस्थांचं समाधान झालं. त्यांनी ऋतुजाला वर पाठवलं. ती चार पायऱ्या चढली आणि वळणावर थांबली, मला पदर दिसत होता. गृहस्थ माझ्या जवळ सरकले. "तुम्ही इथलेच दिसता. एक विचारू का? स्थळाची चौकशी बाहेरच्या माणसाकडे केलेली बरी असते. या दिलीपरावांचं घर कसं आहे?"

माझी आयुष्यभराची तपासणी, आणि आता माझ्याच घराची तपासणी मलाच!

"घर चांगलं," मी म्हणालो. "दिलीप सरळ आहे. व्यवहार कळत नाही, पण कुणाचं वाकडं करणार नाही. बायको मायाळू."

"आणि मुलगी?"

"मुलगी सोनं आहे. बुलेट चालवते, पण जपून."

"ते माहीत आहे की!" ते हसले. "आमचा मुलगा मागे बसून लोणावळ्याला जाऊन आलाय."

हे मला माहीत नव्हतं. पण खालच्या टेबलावरच्या माणसाला राग येऊन कसं चालेल? मी रुमालाने हात पुसत राहिलो. हात केव्हाच कोरडे झाले होते. वळणावरचा पदर झटकन दिसेनासा झाला.

"बाकी सगळं पसंत आहे," त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त ते आजोबा. फार कडक आहेत म्हणतात. तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखतो."

"कसे आहेत?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"म्हातारा जरा अवघडच आहे," मी म्हणालो. "पण तेवढा सांभाळून घ्या. अधूनमधून काहीतरी विचारत जा त्याला, म्हणजे गप्प बसतो. पोरीवर जीव आहे त्याचा."

"असं होय?" त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "आज दिसले नाहीत. कुठे असतात?"

"असेल इथेच कुठंतरी," मी म्हणालो आणि निघोजेवाल्यांच्या चहाला गेलो.

लग्न ठरलं. तुमच्या आशीर्वादाने दोन्ही टेबलांवरचं ठरलं. पुढच्या महिन्यात ऋतुजाचा साखरपुडा आहे, आणि सांगवीचे व्याही आजोबांना भेटायला फार उत्सुक आहेत असा निरोप आलाय. घरात रोज चर्चा चालू आहे. दिलीप म्हणतो, टोपी घालू नका. सून म्हणते, काळा चष्मा लावा. ऋतुजा म्हणते, मिशी काढा.

मी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून मिशी काढलेली नाही. काढणारही नाही, असं मी तिघांनाही ठणकावून सांगितलं.

वस्तरा मात्र कालच आणून ठेवलाय.